तेल कोणतं आणि हात कोणाचा? दिल्ली परिसरातल्या नव्या आईबाबांसाठी

दिल्ली, नोएडा, गुरुग्राम, गाझियाबाद, फरीदाबाद इथल्या मराठी घरात बाळ आलं की पहिल्याच आठवड्यात तीन माणसं तीन गोष्टी सांगतात. बाळंतपणासाठी साताऱ्याहून किंवा नागपूरहून आलेली आजी म्हणते, टाळू भरा, डाळीच्या पिठाने न्हाऊ घाला, धुरी द्या. शेजारणीने ठरवून दिलेली मालिशवाली सरसोंचं तेल आणि कणकेची लोई घेऊन हजर होते. डॉक्टर मात्र सांगतात, फार हाताळू नका, जंतुसंसर्ग होईल. वाचकांचे प्रश्न बहुतेक याच कोंडीतून येतात. मालिश करायची की नाही? कोणत्या तेलाने? बाळ काचेच्या पेटीत आहे, त्याला हात लावू देतील का? सारखं जवळ घेतल्याने सवय लागेल का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधीच देऊन टाकते. लागत नाही. पहिल्या तीन महिन्यांत बाळाला रडल्यावर उचलून घेतल्याने ते बिघडत नाही. बाकीच्या प्रश्नांसाठी एकच कसोटी लावा. बाळाला स्पर्श भरपूर हवा, जोर अजिबात नको, आणि तो स्पर्श आधी आईबाबांचा हवा, मग इतरांचा. आपल्याकडे नेमकं उलट होतं. वीस मिनिटं परकी बाई बाळाला रगडते आणि उरलेला दिवस ते दुपट्यात बांधलेलं असतं.

प्रसूतीआधीच रुग्णालयाला विचारून ठेवा

जन्मानंतरच्या पहिल्या तासाचं महत्त्व सगळे जाणतात, पण कळा सुरू झाल्यावर ते मागून घेण्याच्या स्थितीत कोणी नसतं. म्हणून आठव्या महिन्यातल्या तपासणीच्या वेळीच विचारा:

- जन्मल्यावर बाळाला लगेच आईच्या उघड्या छातीवर देता का? किती वेळ?
- सिझेरियन झालं तर काय करता? आई शुद्धीत असेल तर शस्त्रक्रियेच्या टेबलावर बाळ तिच्या छातीशी धरता येतं. ते शक्य नसेल तर वडिलांच्या छातीवर देता का?
- बाळाला अतिदक्षता विभागात ठेवावं लागलं तर आईला आत येऊ देता का? कोणत्या वेळी? वडिलांना?
- पहिली अंघोळ कधी घालता?

बाळ रडलं, श्वास नीट चालू असला, की त्याला कोरडं पुसून आईच्या अंगावर पालथं ठेवायचं, डोक्याला टोपी घालायची, वरून दोघांना मिळून एक कोरडं पांघरूण. निदान एक तास. वजन, मोजमाप, इंजेक्शन हे सगळं त्यानंतर होऊ शकतं. या तासात बाळाचं अंग गरम राहतं आणि बरीच बाळं आपणहून स्तनाकडे सरकतात. अंघोळ किमान २४ तास लांबवा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. अंगावरचा पांढरा चिकट थर घाण नाही, तो त्वचेचं रक्षण करतो. आजींना हे आधीच सांगून ठेवा, म्हणजे ‘बाळाला अजून न्हाऊ नाही घातलं?’ यावरून पहिल्या दिवशी वाद होणार नाही.

हा तास हुकला तरी मनाला लावून घेऊ नका. बाळाशी नातं त्या एका तासावर ठरत नाही. आई आयसीयूत होती, बाळ दुसऱ्या रुग्णालयात हलवलं, बाळ दत्तक घेतलंय, अशा घरांनीही भेट होईल त्या दिवसापासून त्वचेला त्वचा लावून सुरुवात करावी. उशीर झाला असं काही नसतं.

बाळ लहान किंवा कमी दिवसांचं असेल तर

या मुद्द्यावर जरा जास्त थांबते, कारण इथे स्पर्श हा सरळ जिवाचा प्रश्न आहे, आणि त्याचा जगातला एक मोठा पुरावा आपल्या दिल्लीतूनच आला आहे.

१९७८ साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात उबदार पेट्या अपुऱ्या पडत होत्या, तेव्हा एडगर रे या डॉक्टरांनी कमी वजनाची बाळं आईच्या छातीशी बांधायला सुरुवात केली. तीच कांगारू पद्धत. पुढची कित्येक वर्षं ती ‘बाळ स्थिर झाल्यावर’ करायची गोष्ट मानली गेली. आधी पेटी, मग आई. हा क्रम खरंच बरोबर आहे का, हे तपासायला जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांत अभ्यास केला. घाना, मलावी, नायजेरिया, टांझानिया आणि भारत. भारतातलं केंद्र होतं दिल्लीचं सफदरजंग रुग्णालय. १ किलो ते १.८ किलोच्या आतल्या ३,२११ बाळांपैकी निम्म्यांना जन्मानंतर लगेच, स्थिर होण्याची वाट न पाहता, आईच्या छातीवर दिलं. ती बाळं दिवसाला सुमारे १७ तास तिथे राहिली. दुसऱ्या गटातली बाळं प्रचलित पद्धतीने सांभाळली. पहिल्या २८ दिवसांत लगेच कांगारू मिळालेल्या गटात १२ टक्के बाळं दगावली, दुसऱ्या गटात १५.७ टक्के. फरक इतका स्पष्ट होता की अभ्यास मुदतीआधी थांबवावा लागला. २०२१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आपली शिफारसच बदलली. आता सांगणं असं की कमी दिवसांच्या किंवा कमी वजनाच्या बाळाला जन्मानंतर शक्य तितक्या लवकर कांगारू सुरू करा, आणि दिवसाचे ८ ते २४ तास द्या. अपवाद फक्त स्वतःहून श्वास घेऊ न शकणाऱ्या, व्हेंटिलेटरवरच्या किंवा शॉकमध्ये असलेल्या बाळांचा.

सफदरजंगने यासाठी व्यवस्थाच बदलली. नवजात अतिदक्षता विभागातच आईचा पलंग टाकला. बाळाच्या नळ्या, मॉनिटर, औषधं सगळं चालू राहतं, फक्त ते आईच्या अंगावर असतं, आणि आईचे टाके, रक्तदाब तपासायला प्रसूती विभागाचे लोक तिथे येतात. राममनोहर लोहिया रुग्णालयाने त्याआधीच आजारी बाळांच्या आईवडिलांना हात धुणं, गाऊन घालणं, दूध पाजणं, लंगोट बदलणं शिकवून आत घ्यायला सुरुवात केली होती. तिथल्या अभ्यासात आईवडील आत आल्याने जंतुसंसर्ग वाढला नाही, उलट स्तनपान वाढलं. त्या अनुभवावर केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१७ मध्ये ‘कुटुंब सहभागी काळजी’ची मार्गदर्शक तत्त्वं काढली, ती सरकारी नवजात विभागांसाठी आहेत. म्हणून ‘आत कोणी येऊ शकत नाही’ असं ऐकलंत तर गप्प बसू नका. विभागप्रमुखांना भेटा, या तत्त्वांचा नावानिशी उल्लेख करा आणि आम्हाला शिकवा, आम्ही नियम पाळतो असं सांगा. खासगी रुग्णालयांचे नियम वेगवेगळे असतात. तिथेही लेखी विचारा. बाळाच्या प्रकृतीची माहिती आणि कागदपत्रांच्या प्रती मागणं हा तुमचा हक्क आहे.

कांगारू कसं करायचं? शिकवणारी नर्स पहिल्या वेळी शेजारी हवीच. नंतर घरी असं:

- समोरून उघडणारा सैल कुर्ता किंवा वडिलांसाठी बटणांचा शर्ट घाला. आत काही नको. गळ्यातलं, हातातलं काढून ठेवा.
- बाळाला फक्त लंगोट, टोपी, मोजे. छातीच्या मधोमध उभं धरा. डोकं एका बाजूला वळलेलं, हनुवटी किंचित वर, म्हणजे श्वासाची वाट मोकळी राहते.
- बाळाचे हात-पाय बेडकासारखे दुमडलेले, पोट तुमच्या छातीच्या खालच्या भागाला टेकलेलं.
- वरून लांब सुती कापड दोघांभोवती गुंडाळा. त्याची वरची कड बाळाच्या कानाखाली यायला हवी. मग कुर्ता आणि हवामानानुसार शाल.
- टेकून बसा, पाठ मागे झुकलेली ठेवा. एका वेळी निदान एक तास. त्याहून कमी वेळात काढ-घाल करण्याने बाळ दमतं.
- नाक-तोंड मोकळं आहे ना, ओठ गुलाबी आहेत ना, हे अधूनमधून पाहा.

आई थकली की बाबा, आजी, मावशी कोणीही निरोगी माणूस बसू शकतो. वजन साधारण अडीच किलो झालं की बाळ स्वतःच चुळबुळ करून बाहेर पडायला बघतं. तेव्हा थांबवा. अशा बाळांची तेल-मालिश मात्र डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय सुरू करू नका.

तेलाचा वाद

खोबरेल. पूर्ण दिवसांच्या निरोगी बाळासाठी माझं मत एवढ्यावर संपतं. मुंबईच्या शीव इथल्या लोकमान्य टिळक रुग्णालयातल्या अभ्यासात (२००५) खोबरेल तेलाची मालिश झालेल्या बाळांचं वजन पावडर वापरलेल्या बाळांपेक्षा चांगलं वाढलं. तिळाचं तेलही चालतं. दिल्लीत २००० साली झालेल्या अभ्यासात दीड महिन्याच्या बाळांना चार आठवडे तिळाच्या तेलाने मालिश केल्यावर वाढ आणि झोप दोन्हींत फायदा दिसला होता.

मोहरीचं तेल इथे परंपरेने वापरतात आणि मालिशवाली त्याबद्दल हटून बसते. पण नवजात बाळाच्या नाजूक त्वचेला ते चुरचुरू शकतं. त्यात लसूण-ओवा जाळून ‘गरम’ केलेलं तर नकोच. जाहिरातीतली महागडी सुगंधी तेलंही नकोत. वासाने बाळाला काही फायदा नाही आणि पुरळाची शक्यता वाढते. कोणतंही तेल आधी मांडीवर बोटभर लावून एक दिवस वाट पाहा. घरात इसबाचा त्रास असेल, बाळाची त्वचा लाल, खरखरीत होत असेल तर तेल थांबवून डॉक्टरांना दाखवा.

मालिश केव्हा आणि कशी

पहिले काही दिवस घाई नको. दूध पिणं रुळू द्या, नाळ पडू द्या, वजन परत वाढायला लागू द्या. नुसता हात फिरवायला मात्र पहिल्या दिवसापासून हरकत नाही.

दूध पाजून पाऊण तास झालेला असावा, बाळ जागं आणि शांत असावं. झोपलेल्या बाळाला मालिशसाठी उठवू नका, भुकेलेल्याला थांबवू नका. नखं कापलेली, अंगठ्या-बांगड्या काढलेल्या, हात साबणाने धुतलेले. जमिनीवर जाड चादर घालून बसा, म्हणजे घसरून पडायची भीती नाही. दिल्लीच्या थंडीत खोबरेल बाटलीत पांढरं घट्ट होऊन बसतं. ती बाटली कोमट पाण्याच्या वाटीत ठेवा. तेल गॅसवर गरम करू नका.

पायापासून सुरुवात करा, बाळाला तिथे हात लावलेला सगळ्यांत लवकर आवडतो. एका हाताने घोटा हलकेच धरा, दुसऱ्या तळहाताने मांडीपासून पावलापर्यंत सावकाश खाली या. पूर्ण तळहात टेकला पाहिजे, नुसती बोटं फिरली की गुदगुल्या होतात आणि बाळ पाय ओढून घेतं. मग दुसरा पाय. पोटावर घड्याळाच्या काट्याच्या दिशेने अगदी हलका हात. नाळ पडून जागा सुकेपर्यंत पोट वगळा. छातीवर मधून बाहेर, मग हात, शेवटी बाळाला मांडीवर पालथं घेऊन पाठ. मणक्यावर दाब नको. किती जोर? आपल्या मिटलेल्या पापणीवर बोट फिरवताना दुखणार नाही, तेवढाच. दहा-पंधरा मिनिटं पुष्कळ झाली.

हात फिरत असताना डोळे बाळाकडे ठेवा, फोन बाजूला ठेवा. बोला, गुणगुणा, बाळाने आवाज काढला की थांबून उत्तर द्या. बाळ तोंड फिरवतं, पाठ ताणतं, बोटं फाकवतं, एकसारख्या उचक्या देतं, हे ‘आता पुरे’चं सांगणं आहे. रडणं सुरू होण्याआधीच थांबा. ‘रडलं की फुप्फुसं मजबूत होतात’ ही समजूत खोटी आहे.

लस दिलेल्या जागेवर दोन-तीन दिवस हात नको. डाव्या दंडावर बीसीजीची गाठ चार-सहा आठवड्यांनी पिकते. ते नेहमीचंच आहे. दाबू नका, तेल लावू नका. ताप, जुलाब, अंगावर पुरळ असेल त्या दिवशी मालिश नाही.

मालिशवाली ठेवणार असाल तर

ठेवू नका असं सांगत नाही. सिझेरियन झालेल्या, सासर-माहेर दोन्ही हजार मैलांवर असलेल्या बाईला मदत लागतेच. इथे चाळीस दिवसांची ‘जापेवाली’ मिळते, रोज तासभर येणारी मालिशवालीही मिळते. पण आधी बोलून घ्या:

- एजन्सीमार्फत घेत असाल तर एजन्सीची नोंदणी विचारा. दिल्लीत २०१४ च्या सरकारी आदेशाने अशा एजन्सींना परवाना लागतो. पोलीस पडताळणी करून घ्या.
- खोकला, ताप, हाताला जखम किंवा खरूज असेल त्या दिवशी यायचं नाही, त्या दिवसाचे पैसे कापले जाणार नाहीत. हे वाक्य स्पष्ट सांगा, नाहीतर ती आजार लपवून येईल.
- दोन आठवड्यांहून जुना खोकला असेल तर क्षयाची तपासणी झाल्याशिवाय बाळाजवळ नाही.
- तेल आपलं, टॉवेल आपला, आणि घरातलं एक माणूस पूर्ण वेळ समोर.
- पहिले दोन दिवस तुम्ही करून दाखवा, मग तिला करू द्या. तिच्या हाताखाली बाळ रोज कळवळून रडत असेल तर तिचा अनुभव वीस वर्षांचा असला तरी तिला थांबवा.

सगळी मालिश तिच्यावर सोडू नका. आईच्या अंगाची मालिश तिच्याकडे द्या आणि बाळाची निदान एक वेळ स्वतः करा, हा मला सगळ्यांत चांगला तोडगा वाटतो.

हे मात्र बंद करा

प्रथा मराठी असो की उत्तर भारतीय, पुढच्या गोष्टींत फायदा काही नाही आणि धोका खरा आहे:

- बाळाचे स्तन दाबून ‘दूध काढणं’. आईच्या संप्रेरकांमुळे मुलगा-मुलगी दोघांचेही स्तन थोडे सुजतात आणि आपोआप ओसरतात. दाबल्याने पू होतो, कधी शस्त्रक्रियेची वेळ येते.
- नाका-कानात, डोळ्यांत तेल घालणं. नाकातलं तेल फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होतो.
- उलटं टांगून झटके देणं, हात-पाय डोक्यापर्यंत ताणणं, नाक ओढून सरळ करणं.
- कणकेच्या लोईने लव काढणं. जन्मतःची लव आपोआप जाते, लोईने त्वचा सोलवटते.
- डोकं गोल व्हावं म्हणून मोहरीची उशी. झोपेत बाळाजवळ उशी, लोड, मऊ गाठोडं काहीच नको.
- टाळूवर तेल थापून ठोकणं. हलका हात लावलात तर हरकत नाही, पण तेलाने टाळू ‘भरत’ नाही. पुढची टाळू बाराव्या ते अठराव्या महिन्यापर्यंत आपणहून भरते.
- काजळ, टाल्कम पावडर आणि धुरी.

धुरीबद्दल आजी दुखावतात, हे मी जाणते. त्यांना एवढंच सांगा की नोव्हेंबरमधल्या दिल्लीच्या हवेत आधीच इतका धूर आहे की बाळाच्या खोलीत आणखी एक कणही नको. न्हाऊ घालणं, मऊ पंच्यात गुंडाळून मांडीवर थोपटणं, गाणी म्हणणं हे सगळं त्यांच्याकडेच राहू द्या. त्यात त्यांच्याइतका हातखंडा कोणाचाच नाही.

दिल्लीचं हवामान

हिवाळ्यात मालिशआधी दहा मिनिटं खोली गरम करा. हीटर बाळापासून लांब, ब्लोअरचा झोत अंगावर नको, झोपताना बंद. बाळंतिणीच्या शेकासाठी कोळशाची शेगडी किंवा इथली अंगीठी बंद खोलीत कधीही पेटवू नका. दर हिवाळ्यात तिच्यातून निघणाऱ्या विषारी वायूने झोपेतच माणसं गेल्याच्या बातम्या दिल्ली परिसरातून येतात. बाळाला एका वेळी पूर्ण उघडं करण्याऐवजी जो अवयव चोळायचा तेवढाच बाहेर काढा. पोट गरम आणि पावलं गार लागली तर बाळाला थंडी वाजायला लागली आहे असं समजा आणि लगेच छातीशी घ्या. उबेसाठी त्याहून जलद उपाय नाही.

जानेवारीतलं ऊन छान वाटतं, पण उन्हात मालिश केली म्हणून ड जीवनसत्त्वाचे थेंब चुकवू नका. बालरोगतज्ज्ञ पहिल्या वर्षभर रोज ४०० युनिट सांगतात.

मे-जूनमध्ये तेल थोडं लावा आणि अंघोळीत काढून टाका, नाहीतर घामोळ्या उठतात.

पालथं, उताणं आणि दुपट्यात

झोपताना पाठीवर, जागेपणी पोटावर. एवढं लक्षात ठेवलंत तरी पुरे. घरी आल्यापासून दिवसातून दोन-तीन वेळा तीन-चार मिनिटं जागं असताना, नजरेसमोर, पालथं ठेवा. सुरुवातीला तुमच्या छातीवरच. तुमचा चेहरा बघायला ते मान उचलतं. हळूहळू दिवसभरात मिळून अर्ध्या तासापर्यंत न्या. मान, खांदे आणि पाठ बळकट करायला मालिशपेक्षा याचा उपयोग जास्त होतो, आणि तरी बहुतेक घरांत हेच राहून जातं.

दुपट्यात बांधताना खांद्यापाशी नीट, कमरेखाली सैल. पाय सरळ ओढून घट्ट बांधल्याने खुब्याचा सांधा निखळण्याचा धोका असतो. बाळ कुशीवर वळायची धडपड करू लागलं की बांधणं कायमचं बंद. आणि पुढे वॉकर आणू नका, कोणी भेट दिला तरी.

कधी दाखवायचं

दीड-दोन महिन्यांत बाळ तुमच्याकडे बघून हसतं, तीन-चार महिन्यांत मान धरतं. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाचं वय अपेक्षित तारखेपासून मोजा. अंग सतत लुळं किंवा ताठ वाटत असेल, तीन महिन्यांनंतरही मुठी कायम घट्ट मिटलेल्या असतील, एकच बाजू हलत असेल तर ‘मालिशने सुटेल’ म्हणून थांबू नका. मालिशने हे सुटत नाही, आणि लवकर सुरू केलेल्या उपचारांनी पुष्कळ फरक पडतो.

पुढचं काही दिसलं तर त्याच तासाला रुग्णालय गाठा: दूध ओढत नाही, हाक मारून हलवलं तरच हालचाल करतं, झटके, मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास, छाती आत ओढली जाणं, अंग तापलेलं किंवा गार पडलेलं, तळहात-तळपाय पिवळे. दिल्लीत १०२ वर कॅट्सची रुग्णवाहिका मिळते, उत्तर प्रदेशातही मायलेकरांसाठी १०२ आहे. सरकारी रुग्णालयात एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळाचे उपचार, औषधं आणि नेण्या-आणण्याची सोय जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहे. तुमच्या भागातल्या आशा ताईंकडे नाव नोंदवा. रुग्णालयात जन्मलेल्या बाळासाठी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी त्यांनी घरी येऊन वजन, ताप, दूध पाहायचं असतं.

आईचं मन

बाळाला घ्यावंसंच वाटत नाही, हात लावताना काही वाटत नाही, सारखं रडू येतं, असं दोन आठवड्यांहून जास्त चाललं तर तो आजार असू शकतो, वाईट आई असल्याचं लक्षण नव्हे. टेली-मानस या मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आणि दिवसरात्र चालू असतो. स्वतःच्या किंवा बाळाच्या जिवाला इजा करावीशी वाटली तर तिला एकटं ठेवू नका, लगेच डॉक्टरांकडे न्या.

रजा: हिशेब सातव्या महिन्यातच करा

स्पर्शाला वेळ लागतो आणि वेळ रजेतून येतो. नोकरदार आईला पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. २०१७ च्या दुरुस्तीने आलेली ही तरतूद नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही कायम आहे. त्यासाठी आधीच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम झालेलं असावं. प्रसूतीआधी जास्तीत जास्त ८ आठवडे घेता येतात. पण प्रकृती चांगली असेल तर शक्य तेवढी रजा बाळ आल्यानंतरसाठी राखा. कामावर परतल्यावर मूल १५ महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून दोनदा दूध पाजायला सुट्टी मिळते, आणि ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोय मालकाने करायची असते.

वडील केंद्र सरकारी नोकरीत असतील तर पहिल्या दोन मुलांसाठी १५ दिवसांची पितृत्व रजा आहे. ती प्रसूतीनंतर सहा महिन्यांच्या आत घेतली नाही तर बुडते. दिल्लीत अशी कितीतरी मराठी घरं आहेत जिथे ही रजा कागदावरच राहते. खासगी कंपन्यांवर कायद्याची सक्ती नाही, म्हणून आपल्या कंपनीचं धोरण आत्ताच मागवून घ्या आणि साठलेली रजा लग्नकार्यांत संपवू नका. आजी गावाला परत जातील त्या आठवड्यापासूनची रजा बाबांनी टाकावी, अशी माझी विनंती आहे. पहिल्या पंधरवड्यात घर माणसांनी भरलेलं असतं, नंतर आई बाळाबरोबर एकटी पडते. तेव्हा रोज एक तास शर्ट उघडून बाळाला छातीवर घेऊन बसायला आणि आईला झोपू द्यायला घरात बाबा हवेत.